साइड बी संपल्यावर

आधीच सांगून टाकतो – या सदरातले अनुभव मी वाचतो ते गंमत म्हणून. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा भेटतो... आणि नेमकी त्याच वेळी प्रत्येकाची बॅटरी बंद पडलेली असते! माझी बायको म्हणते, तुम्हाला भीती वाटत नाही कारण तुमच्या डोक्यात कल्पनाच येत नाहीत. असेल तसं. मी उमेदीची वर्षं कॅसेटच्या फितीत घालवली आहेत. फितीवर जे असतं ते वाजतं, जे नसतं ते वाजत नाही, एवढं साधं गणित घेऊन मी जगत आलो. ते गणित एकदाच चुकलं. अजून जुळत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

गाव मंठाळ, तालुका बसवकल्याण, जिल्हा बीदर. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दख्खनी, अशी आमच्याकडची तऱ्हा. सत्त्याण्णव सालची गोष्ट असावी. बसवकल्याणला बसस्टँडसमोर माझ्या मामांचं रेकॉर्डिंग सेंटर होतं आणि मी तिथे बसायचो. लोक सांगतील ती गाणी कॅसेटवर भरून द्यायची, हा धंदा. कोऱ्या कॅसेट महाग पडायच्या. म्हणून आम्ही सेंटरवाले हैदराबादच्या फुटपाथवरून जुन्या परदेशी कॅसेट मागवायचो – ऐकायला नव्हे, पुसायला! परदेशी फीत भारी असते. आतलं पुसू देत नाही ती वरची खाच चिकटपट्टीने बुजवायची, आतलं इंग्रजी पुसायचं आणि त्यावर भीमगीतं, कव्वाल्या, लग्नाची गाणी भरायची. आमच्या तालुक्यात कितीतरी भजनांच्या खाली अमेरिकेतल्या कुणाकुणाची गाणी पुरलेली आहेत, आणि भजन म्हणणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही.

या कॅसेट आणायचा विलास. माझा शाळासोबती, बीदरला डिप्लोमा करत होता. रेल्वेच्या परीक्षेला हैदराबादला गेला की येताना पिशवी भरून आणायचा. रेल्वेने त्याला कधी घेतलं नाही, पण माझ्या मामांचं दुकान मात्र त्या परीक्षांवर चाललं.

एका खेपेत एक कॅसेट अशी निघाली – कव्हर नाही, कागद नाही, अंगावरची अक्षरं घासून गेलेली. पुसण्याआधी फीत कुठे चुरगळली नाही ना, हे बघायला आम्ही थोडी वाजवून बघायचो. मी बटण दाबलं.

काय सांगू तुम्हाला! पहिल्यांदा वाटलं, मशीन बिघडून वेग वाढलाय. ड्रम असा धावत सुटलेला की हलगीवाल्याच्या हातात वारं भरावं. त्यावर गिटारची करवत. आणि गाणारा पोरगा नाकातून, तक्रार केल्यासारखा, पण खुशीत गायचा. आपण काय करतो बघा, मनापासून शिवी देताना हसतो... तसं. मध्येच तिघेचौघे मिळून 'ओ-ओ-ओ' करायचे. उठून माठातलं पाणी पिऊन येईपर्यंत गाणं संपलेलं असायचं. मी मशीन बंद करायला हात पुढे केला तर विलासने तो धरला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "हे पुसायचं न्हाई."

"मामा बोंबलतील."

"मी दुसरी आणून देतो. ही माझी."

अशी ती कॅसेट वाचली. बँडचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं, गाण्यांची नावं ठाऊक नव्हती, एक शब्द कळत नव्हता. मग आम्हीच बारसं केलं. दोन्ही बाजू मिळून चौदा गाणी. पहिलं 'बस सुटली'. दुसरं 'कुत्रं मागं लागलं'. एक सावकाश सुरू होऊन अचानक धूम ठोकायचं, ते 'मास्तर आले'. एका गाण्यात गाणारा दम लागून खोकायचा, ते 'ठसका'. आजही कुणी मला झोपेतून उठवून विचारलं तर मी चौदाच्या चौदा ओळीने गुणगुणून दाखवीन. पोरीच्या वाढदिवसाची तारीख विसरलो होतो एकदा, पण हे नाही विसरलो. (तो विषय आमच्या घरी अजून निघतो.)

आमच्यातला तिसरा जिलानी. त्याच्या अब्बांचं गावात वेल्डिंगचं दुकान होतं. विलासने हैदराबादला कुठल्याशा मासिकात चित्र पाहिलं होतं – एक पोरगा चाकाच्या फळीवर उभा राहून रिकाम्या हौदाच्या उतरणीवरून उडतोय. तो म्हणाला, ही गाणी त्या पोरांची आहेत. कशावरून म्हणाला कोण जाणे, पण पुढे कळलं की बरोबर होतं. फळी आम्हाला नवी नव्हती. बेअरिंगची गाडी आमच्याकडे शेंबडं पोरही करतं – लाकडाची फळी, खाली जुनी बेअरिंगं. फक्त ती बसून चालवायची असते. आम्ही उभे राहिलो. जिलानीने बेअरिंगं वेल्ड करून पक्की केली.

आता मंठाळात हौद कुठला आणायचा? पण कॅनॉल होता! गावाबाहेरून नवा कॅनॉल गेलेला – सिमेंट लावून गुळगुळीत केलेला, दोन्ही बाजूंनी उतरता. फक्त त्यात पाणी यायचं राहिलं होतं. शेतकरी त्याच्याकडे बघून शिव्या द्यायचे. आम्हाला मात्र आयतं मैदान मिळालं. विलास सुट्टीला गावी आला की संध्याकाळी ऊन कलल्यावर तिघे कॅनॉलात उतरायचो. काठावर विलासचा टेप. बॅटऱ्या उतरल्या की त्या दिवसभर उन्हात ठेवून जरा जिवंत करून आणायच्या. गाणं सुरू, आणि एकेक जण उतारावरून खाली... लोखंडी चाकांचा खरखराट इतका व्हायचा की पलीकडच्या रानातली बाई ओरडायची, "कामून मराया लागलाव रे!" माझं कोपर तिथे फुटलं. आजही थंडीत दुखतं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

हे सगळं विलासच्या घरून चोरून चालायचं. त्याचे वडील आमच्या शाळेत मास्तर. फार सरळ आणि फार कडक माणूस. त्यांच्या वडिलांना जुन्या काळी गावच्या मिरवणुकीपुढे डफडं वाजवत चालावं लागायचं. हौस म्हणून नव्हे, गावाने लावून दिलेलं काम म्हणून. छप्पन सालानंतर त्या म्हाताऱ्याने डफडं फोडून चुलीत घातलं. तेव्हापासून त्या घराचा नेम – आपल्या घरात कुणी वाजवणार नाही, कुणी गाणार नाही, शिकायचं. विलास घरात साधी शिट्टीसुद्धा मारायचा नाही. तो रेडिओवाला टेप त्यांनी बातम्या ऐकायला घेतला होता.

आता मुद्द्यावर येतो.

चौदावं गाणं संपलं की थोडा वेळ नुसती सळसळ वाजायची. मग आणखी एक गाणं लागायचं. पंधरावं. हे बाकीच्यांसारखं नव्हतं. ड्रम नाही, गिटार नाही. एकटा आवाज, आणि मागे कुणीतरी बोटांनी लाकडावर हळू ठेका धरल्यासारखं. चाल वर वर चढत जायची आणि दम संपल्यासारखी मध्येच तुटायची. मग पुन्हा खालून सुरू. शब्द कळायचे नाहीत. आम्ही धरून चाललो की इंग्रजी आहे. या एकाच गाण्याला आम्ही नाव ठेवलं नाही. ते लागलं की फळ्या बाजूला ठेवून कॅनॉलच्या उतारावर पाठ टेकून पडायचो. सिमेंट गरम असायचं. विलास आमच्या तोंडाकडे बघत राहायचा – आवडलं का, असं विचारल्यासारखा. तेव्हा ते लक्षात आलं नव्हतं.

मी त्या कॅसेटची एक कॉपी काढली होती. लहान कॅसेटवर काढली, त्यामुळे शेवट कापला गेला. शेपूट कापणं ही आमच्या धंद्याची सवयच. पुढे मामांनी त्याच कॉपीवर निर्णा गावच्या एका लग्नातल्या आहेराच्या घोषणा भरल्या! तेव्हा कॉपीचाही विषय संपला.

मग आम्ही पांगलो. जिलानी सौदीला गेला. विलास डिप्लोमा करून पुण्याकडे बांधकामावर सुपरवायझर म्हणून लागला. दोन हजार एक साली चाकणजवळ त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. मी तेव्हा सेंटरवरच होतो. फोन शेजारच्या एसटीडी बूथवर आला. पुढचं लिहीत नाही. खोलीवरच्या मित्रांनी त्याची रेक्झिनची बॅग घरी आणून दिली. मास्तर त्यानंतर फार जगले नाहीत. घरात राहिली त्याची आई, शेवंतामावशी. एमपीथ्री आलं, सेंटर बंद पडलं आणि मीही पुण्याला आलो. मोबाईलच्या दुकानात लागलो, अजून तिथेच आहे.

दोन हजार दहामध्ये एक दिवस जिलानीचा सौदीहून फोन. ओरडतच होता. "दत्ता! अरे अपना गाना बज रा! 'कुत्ता पीछे लगा' बज रा!" झालं होतं असं की, तो ज्याच्याकडे कामाला होता त्याचा पोरगा कॉम्प्युटरवर फळीचा गेम खेळत होता आणि गेममध्ये आमचं गाणं लागलं. पोराने गाण्याचं नाव शोधून दिलं, त्यावरून बँड सापडला, बँडवरून सगळी कॅसेट. इतक्या वर्षांनी! नाव इथे लिहीत नाही, ते आमच्यापुरतंच राहू दे. मी दुकानात हेडफोन लावून 'बस सुटली' ऐकलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या माझे पाय हलायला लागले. गिऱ्हाईक समोर उभं. मी रडतोय की हसतोय ते त्याला कळेना. मलाही कळत नव्हतं. ती गाणी अजून तशीच होती – तशीच घाईतली, तशीच खुशालचेंडू. म्हातारे आम्ही झालो होतो.

चौदा गाणी संपली. पंधरावं लागलंच नाही.

वाटलं, आवृत्ती वेगळी असेल. बँडच्या चाहत्यांची एक वेबसाइट होती, तिथे मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. तिघाचौघांनी उत्तरं दिली, मंडळी मोठी सज्जन. कॅसेट, सीडी, कुठल्याच देशातल्या छपाईत असं गाणं नाही म्हणाले. मग वाटलं, बॅटऱ्या उतरल्यावर टेप हळू चालायचा, एखादं गाणंच आम्ही तसं ऐकलं असेल. चौदाही गाणी कॉम्प्युटरवर हळू करून बघितली. छे! मग मनात आलं, मीच काहीतरी कल्पना करून बसलो असेन. म्हणून जिलानीला फोन लावला आणि काही न सांगता म्हणालो, शेवटचं म्हणून दाखव. त्याने म्हणून दाखवलं. तीच चाल. चढत जाते आणि तुटते.

मग जिलानीच म्हणाला, "भाई... वो विलास था क्या?"

मला ते तिथेच पटलं. टेपला रेकॉर्डचं बटण होतं. फितीला शेवटी मोकळी जागा असते. घरात गाण्याची बंदी असलेल्या पोराने कुठेतरी एकट्याने जाऊन फळीवर बोटांनी ठेका धरून स्वतःचं गाणं भरून ठेवलं, आणि आम्हाला न सांगता ऐकवत राहिला. आणि आम्ही दोघे गाढव, आपल्या मित्राचा आवाज ओळखू शकलो नाही. कॅसेटमधला आवाज माणसाच्या आवाजापेक्षा वेगळा लागतो हे खरं, पण मी तर या धंद्यातला होतो!

पुढच्या उन्हाळ्यात गावी गेलो तो एक चांगला चालणारा टेप सोबत घेऊनच. मावशीकडे गेलो. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला बघून म्हणाली, "कवा आलास? किती वाळलास रे. बायकू जेवाया घालती का न्हाई?" मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग सांगितलं. कॅसेट सापडली तर तिच्यात विलासचं गाणं असेल म्हणून.

तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"त्याचा आवाज हाय म्हंतोस?"

"असंल मावशी. मला वाटायलंय तसं."

"फोटू हाय माझ्यापाशी," ती म्हणाली. "फोटू रोज बगते. पर आवाज याद यायचा बंद झाला रे. लई आठवते, मला हाक कशी मारायचा ते. येतच न्हाई कानात. आई असून असं कसं झालं म्हनून स्वतःचाच राग येतो."

कॅसेट कुठे असेल विचारलं तर तिने आत पत्र्याच्या पेटीवर बोट दाखवलं. पेटीवर जुन्या लुगड्यात बांधून ती रेक्झिनची बॅग ठेवलेली होती. दहा वर्षांत तिने ती उघडलीच नव्हती! आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकतात. मास्तरांचे तिने दिले. ही बॅग मात्र कुणाला हात लावू दिली नाही.

"कामून उघडली न्हाई मावशी?"

"त्याचा वास हाय आत. उघडली की जाईल."

मी म्हणालो, राहू दे मग. मनापासून म्हणालो. ती बराच वेळ बॅगेकडे बघत बसली. मग म्हणाली, "वास घिऊन काय करू? त्यो बोलत न्हाई. काढ ती."

चेन गंजली होती, मी तेल सोडून सोडवली. वर दोन शर्ट, टॉवेल, साबणाची डबी. मावशीने एक शर्ट उचलून तोंडाला लावला. खूप वेळ लावून धरला. मग खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काईच न्हाई. धूळ हाय नुसती." मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. तिच्याकडे जे होतं ते माझ्या सांगण्यावरून गेलं होतं, आणि आता सगळं त्या कॅसेटवर होतं. कॅसेट तळाशी होती, रुमालात गुंडाळलेली.

तिचे स्क्रू काढले, फितीवरची बुरशी कोरड्या फडक्याने पुसली, आतला स्पंजचा तुकडा निखळला होता तो नवीन बसवला. सगळं मी हाताने केलं, दुपारच्या लख्ख उजेडात, अंगणाच्या दारात बसून. म्हणजे फितीची काय अवस्था होती हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हे ध्यानात ठेवा.

मी थेट शेवट लावणार होतो. मावशी म्हणाली, "न्हाई. त्यो सुरवातीपासनं ऐकायचा न्हवं? मंग तसंच लाव."

मग त्या घरात, जिथे दोन पिढ्यांत कुणी गाणं लावलं नव्हतं, तिथे 'बस सुटली' वाजलं. मावशी पदर सावरून, मांडी घालून ऐकत होती, प्रवचनाला बसल्यासारखी. दोनतीन गाणी झाल्यावर म्हणाली, "ह्यांना येवढी घाई कामून हाय?" मला हसू आलं. 'ठसका' लागलं तेव्हा ती म्हणाली, "पानी द्या म्हनावं त्याला." साइड पालटली. मी तिला त्या गाण्यांची आमची नावं सांगत होतो आणि ती हसत होती. इतक्या वर्षांत तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी ती गाणी मला जितकी आवडली तितकी कॅनॉलवरही आवडली नव्हती.

चौदावं गाणं शेवटाला आलं. गाणं संपलं, आणि संपताक्षणी टक् करून बटण वर आलं.

फीत संपली होती.

मी कॅसेट बाहेर काढून पाहिली. चौदाव्या गाण्याला लागूनच फितीच्या टोकाचा पारदर्शक तुकडा होता, कंपनीतून जोडून आलेला. कुणी कापलेली नाही, कुणी चिकटवलेली नाही. मधे बोटभरही मोकळी जागा नाही. पंधराव्या गाण्याला त्या कॅसेटवर कधी जागाच नव्हती. आणि कॅसेट हीच. कोपऱ्याला जिलानीने तापल्या सळईने केलेली खूण होती.

भूत वगैरे डोक्यात नव्हतं. या बाईला आता काय सांगू, एवढंच होतं. कॅसेट परत टेपमध्ये घातली, उगीच, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. बटण दाबलं नाही. म्हणालो, "मावशी..."

तिने हात वर करून मला थांबवलं.

"गप. लागलं बग."

टेप बंद होता. चाकं फिरत नव्हती. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती, एवढाच काय तो आवाज.

"काय लागलं?"

"गानं म्हनायलाय की! तुला येईना व्हय ऐकू?"

तिची मान हळूहळू डोलायला लागली. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरायला लागली. मी तो ठेका ओळखला. तोच होता. मग ती टेपच्या जवळ सरकली, डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात त्याच्याबरोबर गुणगुणायला लागली. चाल चढत गेली... चढत गेली... आणि दम संपल्यासारखी तुटली. मग पुन्हा खालून.

विलास घरात कधी गायला नाही हे मला ठाऊक होतं. तरी नंतर विचारलं. मावशी म्हणाली, तिने त्याला गाताना आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"विलासच हाय का?" मी कसाबसा विचारलं.

"मंग कोन?" डोळे मिटलेलेच. "शबुद कळंनात. विंग्रजी हायत वाटतं. पर आवाज त्याचाच हाय. घरात येवढ्या मोठ्यानं कवा बोलला बी न्हाई गं बाई..." तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. "मागनं पोरं हासायलीत. तुझं बी हाय बग हासनं, दत्ता. लहान हुतास तवाचं."

मला काही ऐकू आलं नाही. मी टेपला कान लावला. तिच्या समाधानासाठी नव्हे, खरंच लावला. काहीही नाही.

संपल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, उठून चूल पेटवली आणि मला चहा दिला. चहात साखर दुप्पट पडली होती. कॅसेट आणि टेप मी तिथेच ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बसमध्ये बसलो आणि ती चाल मनात म्हणायला गेलो. आली नाही. बसवकल्याण गेलं, सोलापूर गेलं, मी प्रयत्न करतोय. चौदा गाणी ओळीने येतात, मग सळसळ येते आणि पुढे काही नाही. आदल्या दुपारी तिच्या तोंडून ऐकलेली चाल! ती चढते आणि तुटते एवढं सांगता येतं, म्हणता येत नाही. शेवटी न राहवून बसमधूनच जिलानीला सौदीला फोन लावला आणि म्हणालो, शेवटचं म्हणून दाखव.

"कौनसा?"

"अरे, पंधरावं. तुझ्या तोंडून ऐकलं मी गेल्या वर्षी."

"कैकू मजाक करता रे दत्ता?" तो म्हणाला. "चौदाच गाने थे ना अपने." मी विलासचं नाव घेतलं, त्या फोनची आठवण दिली. फोन त्याला आठवत होता. त्यात गाणं कुठलं होतं, ते आठवत नव्हतं.

मानसोपचार शिकलेल्या एका ओळखीच्या बाईंना विचारलं. त्यांनी दुःख, स्मृती असं बरंच समजावून सांगितलं. त्यातलं अर्धं मला पटलंही. पण एका म्हातारीला जे सापडलं ते नेमकं त्याच सुमारास दोन माणसांच्या डोक्यातून, एकाच्या पुण्याच्या वाटेवर आणि एकाच्या सौदीत, कसं गेलं? कुणाकडे उत्तर असलं तर जरूर लिहा. फक्त मला भास झाला म्हणू नका. मला तर काही ऐकूच आलं नव्हतं.

यंदाही गावी जाऊन आलो. मावशी दुपारी टेपसमोर बसते. तो लावत नाही, नुसती बसते. मी जवळ जाऊन बसलो. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला. माझा पण मित्र होता तो! मी मोबाईल काढला आणि म्हणालो, मावशी, एकदाच म्हणून दाखव ना. मला आठवंना झालंय. मी भरून घेतो.

तिने माझ्या हातावर हात ठेवून मोबाईल खाली करायला लावला.

"आता मी म्हनाया लागले की त्यो थांबतोय रे," ती हळूच म्हणाली. "गप बस जरा."

मी गप्प बसलो.